सामाईक भिंत

बेळगावच्या शहापुरातील आमच्या घराच्या जुन्या खरेदीपत्रात चतुःसीमा सांगताना उत्तरेच्या बाजूस एक वाक्य आहे : 'मधील भिंत सामाईक असे.' लहानपणी वडील पेटीतली कागदपत्रे उन्हात घालीत तेव्हा मी हे वाक्य मोठ्याने वाचीत असे. सामाईक म्हणजे अर्धी त्यांची, अर्धी आपली, असा अर्थ वडिलांनी सांगितला होता. त्यावर मी विचारले, 'मग खिळा ठोकायचा तर कुठपर्यंत?' वडील हसून म्हणाले, 'चार बोटं.' या गोष्टीला साठ वर्षे होऊन गेली. खिळ्याच्या बाबतीत मी हा नियम कधी मोडला नाही. पण मध्यंतरी दीड वर्ष मी त्या भिंतीतून असे काही पलीकडे घालीत होतो, की ज्याला चार बोटांची मर्यादा ठाऊक नाही.

माझा भाचा पुण्यात इंजिनियर आहे आणि त्याला घरी स्पीकर बांधण्याचा नाद आहे. माझी पत्नी २०२१ साली गेली. त्यानंतर माझ्या संध्याकाळी लांबत चालल्या हे त्याने ओळखले असावे. २०२३ च्या मे महिन्यात तो आठ दिवसांची रजा काढून आला. 'मामा, तुम्हाला खरं गाणं ऐकवतो,' एवढेच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून परसात सुताराची करवत सुरू झाली. तीन दिवसांनी जे उभे राहिले ते पाहून सुतारच गोंधळला. 'कपाट म्हणावं तर दार न्हाई, कणगी म्हणावी तर तोंड भलतीकडं,' असा त्याचा अभिप्राय पडला. भाच्याने सांगितले, की हा खर्जासाठीचा कर्णा. वरच्या स्वरांसाठी दोन लहान कर्णे वेगळे. आणि सगळे 'ॲक्टिव्ह', म्हणजे प्रत्येक कर्ण्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर, आणि कोणते स्वर कोणाकडे पाठवायचे हे आधीच ठरवणारी एक गणिती चिप.

कर्णा ही काही नवी गोष्ट नव्हे. शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही तळवे तोंडाशी धरतो, तोच कर्णा. सनईचे तोंड तसेच. आजोबांच्या ग्रामोफोनचा पितळी भोंगाही त्याच जातीचा. हवा फार हलकी असते. स्पीकरचा कागदी पडदा तिच्यात मागेपुढे होतो तेव्हा त्याची बहुतेक मेहनत वाया जाते, जशी बोरूने पाणी वल्हवण्याची जाईल. साध्या घरगुती स्पीकरला शंभर वॅट वीज दिली तर आवाजाच्या रूपाने वॅटभर बाहेर पडते, बाकीची उष्णता होते. पडद्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारी नळी बसवली की पडद्याला हवेची पकड मिळते आणि हेच काम दहापटीहून चांगले होते. पडदा अगदी थोडा हलतो आणि आवाज मोठा, तरी न ओढाताण होता येतो. कर्ण्याचे गाणे इतके मोकळे, समोर बसून गायल्यासारखे का वाटते त्याचे कारण हे.

अडचण येते ती खालच्या स्वरांशी. कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारणपणे ज्या स्वरापर्यंत उतरायचे त्याच्या तरंगलांबीएवढा असावा लागतो. सेकंदाला ४० कंपनांचा स्वर घेतला तर त्याची लांबी साडेआठ मीटरच्या वर जाते. म्हणजे कर्ण्याचे तोंड पावणेतीन मीटर व्यासाचे हवे! असा कर्णा घरात ठेवायचा तर माणसांनी अंगणात राहावे लागेल. यावर तोड निघाली ती कोपऱ्याची. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथे कर्णा ठेवला तर आवाजाला पसरायला मोकळ्या जागेच्या एक अष्टमांश जागा उरते, आणि तोंडही एक अष्टमांश पुरते. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी पॉल क्लिप्श या इंजिनियराने १९४६ पासून असे घडी घातलेले कोपऱ्याचे कर्णे बांधून विकायला सुरुवात केली. त्याची युक्ती थोडक्यात अशी, की कर्ण्याचा शेवटचा भाग बांधायचाच नाही. घराच्या भिंतींनाच तो व्हायला लावायचे.

हे वाक्य भाच्याने मला उत्साहाने समजावून सांगितले तेव्हा मीही उत्साहाने मान डोलावली. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली आहेत. भिंती माझ्या वाद्याचा भाग होणार हे मला नीट कळले. त्यांतली एक भिंत सामाईक आहे, हे त्या क्षणी काही केल्या आठवले नाही.

खर्जाचा कर्णा त्याच कोपऱ्यात बसला, कारण दुसऱ्या कोपऱ्यात माडीचा जिना आहे. घडी घातलेल्या त्या बोगद्यातून आवाज जवळजवळ दोन मीटर चालून बाहेर येतो, त्यामुळे वरच्या स्वरांपेक्षा सेकंदाचे पाच-सहा हजारांश मागे पडतो. एवढ्याशाने काय होते, असे वाटेल. पण १९३० नंतरच्या दशकात हॉलीवुडच्या एका चित्रपटगृहात एलिनॉर पॉवेलच्या नृत्यात तिच्या बुटांची एकेक टाप दोनदा ऐकू येऊ लागली आणि तंत्रज्ञांची झोप उडाली, अशी गोष्ट सांगतात. खालचा कर्णा वरच्यापेक्षा आठेक फूट लांब पडत होता, म्हणून. त्यांना तेव्हा लाकूड कापून नवे कर्णे बांधावे लागले. आमच्या चिपने वरच्या स्वरांनाच तेवढा वेळ थांबवून धरले. एवढेच नव्हे, तर ४० च्या खालचे स्वर तिने अडवलेही. कर्ण्याच्या मर्यादेखाली हवेचे ओझे पडद्यावरून निघून जाते आणि तो मोकाट सुटून स्वतःलाच फाडून घेतो. ओझे नसल्याने नासणारी वस्तू मी माणसांत पुष्कळ पाहिली होती, यंत्रात प्रथमच पाहिली.

भाचा गेला आणि मी रोज रात्री जेवणानंतर ऐकायला बसू लागलो. मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे मी पूर्वी धारवाडला समोर बसून ऐकलेले आहे. त्यांचा श्वास, तंबोऱ्याच्या जवारीचा रेशमी कणा, तबलजीची बोटे, सारे पुन्हा समोर आले. फक्त एक कमी होते. तंबोऱ्याच्या चौथ्या, पितळी तारेचा खर्ज अंगात उतरत नव्हता. काळी एकच्या षड्जाची कंपने १३८ च्या आसपास, त्याचा खर्ज ६९. एवढा कणगीएवढा कर्णा घरात आणून तोच येत नाही म्हणजे काय? भाच्याने फोनवर निरनिराळ्या स्वरांची उंची कमीजास्त करायच्या पट्ट्या दिल्या होत्या. ६९ च्या जवळची पट्टी मी वर सरकवली. थोडा फरक वाटला. आणखी सरकवली. दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट होते. मी दीड वर्षात टप्प्याटप्प्याने बारा डेसिबल चढवले, म्हणजे सोळापट. तरी खुर्चीत बसून मला तो खर्ज हवा तसा काही मिळाला नाही. मी मनात वयाला दोष दिला, कानांना दिला, एकदा भाच्यालाही दिला.

आता पलीकडचे सांगतो. पलीकडे जे कुटुंब राहते ते कानडी. आमची दोन्ही घरे एकाच गवंड्याने जुळी बांधलेली. त्या घरच्या वृद्ध बाईंना सगळी आळी अव्वा म्हणते, मीही म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या दोन नातींना मी ओट्यावर बसवून गणित शिकवले आहे. माझी पत्नी आजारी असताना सहा महिने सकाळची भाकरी त्या घरातून येत होती. हा हिशेब कोणी मांडलेला नाही, पण तो आहे.

२०२४ च्या दिवाळीत भाचा आला होता. पाडव्याच्या संध्याकाळी तो यंत्राशी काहीतरी करीत बसला आणि मी फराळाचे ताट घेऊन शेजारी गेलो. सोप्यात पाऊल ठेवले तर भिंतीकडून धम्... धम्... असा घुमारा येत होता. मला आधी वाटले, कुठे तरी कांडप चालले आहे. मग मांडणीवरची पितळी ताटे एकमेकांना लागून किणकिणली. मी सूनबाईंना विचारले, 'हे काय वाजतंय?' तिने पदर सावरला, जमिनीकडे पाहिले आणि म्हणाली, 'तुमचंच की हो सर.'

मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. भाच्याने मन्सूरांचे गाणे लावले होते. गेली तीस वर्षे मी ते ऐकतो आहे, त्याची जागान्‌जागा मला पाठ आहे. आणि पलीकडे उभा राहून मला ते ओळखता आले नाही. राग कोणता ते नाही, गाणे आहे एवढेसुद्धा नाही. शब्द, सूर, जवारी सगळे विटांनी ठेवून घेतले होते. ते काम भिंती चोख करतात. स्वर जितका उंच तितका त्या अधिक अडवतात, आणि खालच्या स्वरापुढे हात टेकतात. माझ्या खोलीत गाणे राहत होते, आणि अव्वांच्या खोलीत त्याचे नुसते ओझे उतरत होते.

अव्वांची खाट त्या भिंतीलगत असायची. ती तिथे नव्हती. विचारल्यावर सूनबाईने जे सांगितले ते असे. आदल्या पावसाळ्यापासून अव्वांना रात्री छातीत धडधडते असे वाटू लागले. कुणाला ऐकू येते का विचारले तर बाकीचे मागच्या खोलीत, दूरदर्शनसमोर. त्यांनी नाही म्हटले. दोनदा डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढला, दोन्ही वेळा काही निघाले नाही. अव्वांनी मनाशी ठरवले, की आता आपले दिवस भरत आले. मग जुलैत एका रात्री करंट गेला, आणि पंख्याबरोबर त्यांच्या छातीतली धडधडही एका क्षणात बंद पडली. पंधरा मिनिटांनी करंट आला, पंखा फिरला, आणि थोड्या वेळाने, म्हणजे मी यंत्र पुन्हा लावल्यावर, धडधड सुरू झाली. त्या रात्री अव्वांना समजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाट स्वयंपाकघरात हलवली, आणि घरातल्या सगळ्यांना बजावले, की सरांना यातले काही सांगायचे नाही.

खालच्या स्वराला दिशा नसते. ऐंशी कंपनांच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला सांगता येत नाही. तो सगळीकडून येतो, आणि सगळीकडून येणारी गोष्ट स्वतःच्या आत आहे असे वाटणे साहजिक आहे. एक वर्ष एक म्हातारी बाई माझ्या गाण्याला स्वतःचे मरण समजत होती.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. गणित दुसरी-तिसरी ओळ ओलांडत नव्हते. आमच्या घराची ती खोली लांब आणि चिंचोळी, रुंदी अडीच मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर. अशा खोलीत दोन भिंतींच्या मध्ये उभा राहणारा पहिला स्थिर तरंग पाच मीटर लांबीचा, त्याची कंपने ३४६ भागिले ५, म्हणजे ६९. बरोबर माझा खर्ज. अशा तरंगात दाब सगळ्यात जास्त असतो तो भिंतींपाशी, आणि मधोमध तो जवळजवळ शून्य. माझी खुर्ची मधोमध. जिथे खर्ज पोचणेच शक्य नव्हते तिथे बसून मी तो मागत होतो आणि पट्टी चढवीत होतो. जेवढी चढवावी तेवढा भिंतीपाशी तो वाढत होता. आणि पलीकडची खोलीही जुळी असल्यामुळे, तीही अडीच मीटरचीच. ती त्याच स्वराला ओ देत होती, आणि तिचाही जोर खाटेच्या उशापाशीच सर्वाधिक. नळीतल्या हवेचे हे गणित मी पीयूसीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतले आहे. न करणाऱ्यांचे कान पिळले आहेत.

म्हणून 'मला ठाऊक नव्हते' ही सबब मला लागू पडत नाही. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, जे कळण्याचा मार्गच नव्हता. दुसरे, जे कळायला अर्धा कागद आणि भिंतीपलीकडे एक फेरी पुरली असती. नीतीच्या पुस्तकांत पहिल्या प्रकाराला क्षमा असते. दुसऱ्याबद्दल ती पुस्तके जरा घुटमळतात, कारण बहुतेक सभ्य माणसांचे बहुतेक अपराध त्या प्रकारचे असतात.

कायद्याने पाहिले तर मी निर्दोष आहे, आणि हा भाग मला सगळ्यात चमत्कारिक वाटतो. ध्वनिप्रदूषणाचे आपले नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण ही मोजणी 'ए' नावाच्या मापाने होते. हे माप माणसाचा कान मंद आवाजात खालचे स्वर कमी ऐकतो या धोरणाने बनले आहे आणि ६९ च्या आसपास मुळातल्या आकड्यातून पंचवीस डेसिबल वजा करते. माझा खर्ज अव्वांच्या खोलीत ६५ ने शिरला असता तर कागदावर ४० लागले असते. साहेब मीटर घेऊन आले असते तर मला शाबासकी देऊन गेले असते. या मापाच्या मुळाशी हार्वे फ्लेचर आणि मन्सन यांचे १९३३ चे संशोधन आहे, आणि गंमत अशी, की त्याच फ्लेचरच्या बेल प्रयोगशाळेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचे वादन तारेने वॉशिंग्टनला नेऊन प्रचंड घडीच्या कर्ण्यांतून ऐकवले होते. म्हणजे खालचा स्वर घुमवायचा कसा आणि मोजताना सोडायचा कसा, दोन्ही विद्या एकाच घरातून आल्या.

कुणी म्हणेल, शेजार म्हटला की आवाज आलाच. खरे आहे. आमच्या आळीत सकाळी नळावरची भांडणे, दुपारी भंगारवाला, संध्याकाळी भजन, आणि गणपतीत तर काही विचारायलाच नको. अव्वांच्या कुकरच्या शिट्ट्या मी रोज मोजतो. पहाटे त्या बसवण्णांची वचने म्हणतात, भिंतीतून शब्द लागत नाहीत पण चाल कळते, आणि तिच्यावर मी उठतो. हा आवाज मला कधी त्रासाचा वाटला नाही. त्या रात्री मी स्वतःशी असा भेद केला, की हे सगळे आवाज आपले नाव सांगून येतात. कुकर कुकर म्हणून येतो, वचन अव्वा म्हणून येते. त्यांच्यावर रागावता येते, त्यांना हसता येते, दार वाजवून 'जरा हळू' म्हणता येते. माझ्याकडून पलीकडे जे गेले ते बेनामी होते. ज्याचे नाव नाही त्याच्याबद्दल तक्रार करायची कुणाकडे? म्हणून त्या बाईने ती स्वतःच्या हृदयाकडे केली. दुसऱ्याला आवाज देण्यात फारसे पाप नसेल. त्याचा अर्थ स्वतःजवळ ठेवून उरलेला धक्का तेवढा त्याच्याकडे पाठवणे, हे मात्र पाप आहे, असे माझे मत झाले.

हे मत पुरते पक्के होण्यापूर्वीच मनात दुसरा एक विचार आला, आणि तो कबूल करायला हवा. मला अव्वांचा राग आला. जुलैत कळले होते, तर मग ऑक्टोबर संपेपर्यंत गप्प का? एक शब्द बोलल्या असत्या तर मी त्याच क्षणी बंद केले नसते का? त्यांच्या चांगुलपणाने मला चार महिने जास्तीचा अपराधी केले. मग लक्षात आले, की ज्याला त्रास झाला त्यानेच तो सांगण्याचेही काम करावे, अशी माझी अपेक्षा आहे. त्यांना खाट हलवण्याचे एक काम मी आधीच लावले होते.

पण राग अगदीच निराधार होता असेही मला म्हणवत नाही. आमच्या या दुभाषी गावात शेजार टिकतो तो पुष्कळ अंशी न बोललेल्या गोष्टींवर. पाट्यांची भांडणे चौकात होतात, भिंतीपाशी येत नाहीत. तिथे दोन्हीकडची माणसे जपून असतात, इतकी की भाषेवरून नव्हे, तर कशावरूनच कधी वाकडे बोलत नाहीत. ही आमची शालीनता. तिचा मला अभिमान आहे. पण जिथे 'जरा हळू' एवढेही म्हणवत नाही तिथे आम्ही एकमेकांचे शेजारी आहोत की एकमेकांचे पाहुणे? पाहुणा अडचण सांगत नाही. सख्खी बहीण भिंतीवर मूठ आपटून ओरडली असती. शंभर वर्षे एका भिंतीला टेकून राहिल्यावर आम्हाला तेवढा हक्क का मिळू नये, हे मला अजून उलगडलेले नाही.

आणि एवढे करून तो खर्ज लागत तरी होता का? आजोबांच्या तबकड्या अजून माडीवर आहेत. १९२५ पूर्वी गाणारा माणूस भोंग्यात तोंड घालून गाई आणि दीडशे-दोनशे कंपनांच्या खालचे त्या मेणात फारसे काही उतरतच नसे. पुढे विजेने मुद्रण आले तरी खर्जाचा मूळ स्वर तबकडीवर पुसटच. तरीही त्या ऐकताना आमच्या आजोबांना तंबोरा पूर्ण वाटे, मलाही वाटला. कारण कानाला वरचे स्वरांश मिळाले, की तो खालचा मूळ स्वर आपल्या आपण बांधून घेतो. १३८, २०७, २७६ ऐकू आले की ६९ आहे असे तो धरूनच चालतो. तंबोऱ्याची सगळी कला, ती जवारी आणि तिच्यातला तो जीवाचा दोरा, हे वरचे स्वरांश फुलवण्यासाठीच आहेत. भाचा म्हणतो, हे खरे ऐकणे नव्हे, हा मनाचा खेळ. असेल. पण आजोबांच्या खऱ्या-खोट्या खर्जाने कुणाला ईसीजी काढायला नेले नव्हते.

त्यात भाच्याचा दोष नाही. त्याला सांगितले तेव्हा तो पांढराफटक पडला, आणि इंजिनियराच्या सवयीने लगेच तोडगा काढायला बसला. समोरच्या भिंतीला तसाच दुसरा कर्णा ठेवला तर दोन्ही मिळून हा तरंग उठूच देणार नाहीत, हे त्याचे गणित अगदी बरोबर आहे. मी म्हणालो, बाबा, एक कणगी पुरे. नुसता कोपरा बदलूनही भागणार नव्हते. तो तरंग खोलीचा होता, कर्ण्याचा नव्हता. शेवटी त्याने त्या ॲक्टिव्ह चिपलाच उलटे काम सांगितले. ६९ ची पट्टी जिथे बारा वर होती तिथे नऊ खाली आणली, आणि एकूण आवाजाला रात्री नऊनंतर लगाम घातला. मी खुर्ची उचलली आणि मधून काढून भिंतीला लावली. सामाईक भिंतीलाच, कारण दुसऱ्या बाजूला खिडकी आहे. तिथे बसल्यावर पहिल्या तंबोऱ्यालाच खर्ज पाठीतून वर आला. पट्टी खाली असताना आला.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, मी अव्वांकडे गेलो. काय बोलायचे ते घरून मनात जुळवून नेले होते, त्यातले निम्मे विसरलो. त्यांनी मला पुरते बोलू दिले नाही. 'इरलि बिडरि सर,' म्हणाल्या, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग थोड्या वेळाने, कपबशी हातात असताना, 'आता बंदच केला काय? काल रात्री काही आलं न्हाई.' मी म्हटले, बंद नाही, हळू केला. त्यावर त्या म्हणाल्या, 'पहिलं भ्या वाटायचं. मग करंट गेल्यावर कळलं, तुमचं हाय. मग न्हाई वाटलं. मी आत निजायची, पण दार उघडं ठेवायची. आवाज आला की सर हाईत म्हणून कळतंय. बाई गेल्यापासून तुमच्या घरात दुसरं काय वाजतंय?'

ते बेनामीपणाचे माझे मत मी तिथेच, चहाबरोबर गिळले. नाव कळल्याबरोबर त्यांनी तो धक्का माझा म्हणून सांभाळायला घेतला होता. त्याने माझा अपराध कमी होतो की वाढतो, हे मला ठरवता आलेले नाही.

हल्ली मी आठ ते नऊ ऐकतो. सुरू करण्यापूर्वी भिंतीवर बोटाने दोनदा टकटक करतो, पलीकडून कधी नात, कधी सूनबाई तशीच टकटक करते. हे आम्ही ठरवलेले नाही, सुरू झाले. गेल्या महिन्यात एकदा पलीकडून उलट तीनदा आपटल्याचा आवाज आला, मी लगेच यंत्र बंद केले आणि धावत गेलो, तर नात भिंतीला खिळा ठोकत होती. अव्वांची खाट मात्र अजून स्वयंपाकघरातच आहे. सूनबाई म्हणते, आता तिथलीच सवय झाली, आणि चुलीकडची ऊबही असते.